केरबाचा काळा पुठ्ठा

“वकीलबाई, ह्यो पुठ्ठा जप्त करतेत का हो?”

केरबानं माझ्या टेबलावर वहीच्या पुठ्ठ्याचा अर्धगोल तुकडा ठेवला. बुटाच्या पॉलिशनं काळा केलेला. शेजारी एक नोटीस.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादहून फायली येत होत्या, रोज नवं ऑफिस उघडत होतं आणि मी कोर्टात नवी होते. काळ्या कोटातली बाई बघायला लोक यायचे. केस द्यायला कुणी यायचं नाही. केरबा पहिलाच.

तो मुखेडकडचा. गावात दुष्काळ, रोजगार हमीवर खडी फोडायची. ती सोडून त्यानं इथं टीचभर स्टुडिओ टाकलेला. पण फोटो धुवायला पाणी लागतं, आणि इथं प्यायलाच नव्हतं. मग पठ्ठ्यानं डोकं लढवलं. फोटो थोडेच काढायचे, पण भारी. ‘डबल रोल’! एकच माणूस दोन खुर्च्यांत, स्वतःलाच चहा देतोय. नवे कारकून तर वेडे झाले होते.

युक्ती सोपी. भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा आणि डावीकडचा माणूस टिपायचा. मग फिल्म न सरकवता पुठ्ठा फिरवायचा आणि त्याच माणसाला उजवीकडे बसवायचं.

नोटीस गंजगोलाईच्या बाजारपेठेतल्या एका मोठ्या स्टुडिओच्या शेठची होती. ‘सदर पद्धतीवर आमचे पेटंट आहे. आठ दिवसांत वापर बंद करावा.’

“बंद केलं तर?”

“तर काय बाई, परत खडी. निस्त्या पासपोर्ट फोटोवर न्हाई भागत.”

मला पेटंटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. अशिलाला असं सांगायचं नसतं. “बघते,” म्हणाले आणि नांदेडच्या एका सीनियरकडून एस.टी.नं कायद्याचं पुस्तक मागवलं.

वाचलं तर मामला सरळ होता. नवी युक्ती शोधणाऱ्याला सरकार काही वर्षं एकट्याचा हक्क देतं, ते पेटंट. पण युक्ती नवी हवी. अर्जाआधीच ती लोकांत उघड वापरात असेल, तर मिळत नाही. वापरणारा अर्जदाराचा सख्खा बाप का असेना!

मग नोटीस परत वाचली. खाली नंबर होता तो नुसत्या अर्जाचा. पेटंट अजून मिळालंच नव्हतं. आणि मला शेठची शोकेस आठवली. तिच्यावरून मी रोज कोर्टात जायची. मधोमध एक जुना फोटो होता. रुमाल बांधलेले एक गृहस्थ स्वतःशीच बुद्धिबळ खेळताहेत.

दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पदर घेतला, कोट भाजीच्या पिशवीत कोंबला आणि शेठच्या दुकानात शिरले.

“डबल फोटो काढायचाय. हे मुंबईहून शिकून आलात का?”

“मुंबई?” शेठला झोंबलं. “ओ बाई, ते आमचे वडील. निजामाच्या जमान्यातला फोटो हाय. हैदराबादेहून लोक शिकायला यायचे. वडील समद्यांना पुठ्ठा दाखवायचे.”

“जाऊ द्या! आत्ताच काढून जुना केला असेल.”

झालं! शेठचा पारा चढला. स्टुलावर चढून त्यांनी फ्रेम उतरवली, पाठ उघडली. आमच्या भागात प्रत्येक फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. तशी ती होती, उर्दूत आणि मराठीत.

“मला लिहून द्याल? घरी कुणी विश्वास ठेवायचं नाही.”

शेठनी त्या फोटोची एक जुनी प्रत खणातून काढून मागं झोकात लिहिलं: ‘ही पद्धत आमच्या घराण्यात निजाम काळापासून चालू आहे.’ खाली सही, वर आजचा शिक्का. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडाशी धरला. शेठला वाटलं, बाई लाजली.

मग फोटो. डावी खुर्ची झाली. शेठनी पुठ्ठा फिरवला. “आता तिकडं बसा. रूप बदलायचं तर बदला.”

मी पिशवीतून कोट काढला, झटकला, घातला. गळ्याला पांढरे बँड बांधले आणि बसले.

शेठ कॅमेऱ्यामागून वर आले. “तुमी... वकील?”

“हो. केरबाची. दाबा बटण शेठ, फिल्म वाया जाईल.”

दाबलं बिचाऱ्यांनी.

मी उत्तर धाडलं. चार ओळी, आणि सोबत त्यांनीच सही करून दिलेल्या मजकुराची नक्कल. आठवडाभरात नोटीस मागं घेतल्याचं पत्र आलं. अर्जाचं पुढं काय झालं ठाऊक नाही. शेठनी परत त्याचं नाव काढलं नाही. मी पावती घेऊन गेले तेव्हा माझा फोटो मात्र मुकाट्यानं दिला.

केरबाला दाखवला. पुठ्ठा हातात फिरवत त्यानं तो कितीतरी वेळ न्याहाळला. साडीतली मी लख्ख आलेली. कोटातली मी जरा धुरकट.

“बाई, कोट घातल्यावर तुमी हलल्या जनू.”

“मी नाही रे. कॅमेरा हलला.”

तेव्हापासून पेटंटचं विचारायला कुणी आलं की मी एवढंच सांगते: अर्ज खुशाल करा, पण आधी शोकेसमधून वडिलांना खाली उतरवा.