एकाच फोनवरून येणारा एरर

वेबपान बिघडलं की माणूस आम्हाला कळवत नाही. तो चडफडतो, बटण पुन्हा दाबतो आणि शेवटी फोन खिशात टाकतो. म्हणून पानातच चार ओळी लिहून ठेवाव्या लागतात, की काही मोडलं तर तूच सांग. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानावरची बटणं चालवणारा कोड, कुणाच्या तरी हातातल्या फोनवर अडला की हेब्बाळच्या ऑफिसात आमच्या स्क्रीनवर एक ओळ उमटते. त्या ओळी वाचायच्या आणि दुरुस्त करायच्या, ही माझी नोकरी. पुण्याहून इथं कन्नड मुलखात आले तेव्हा आईला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतेस," ती म्हणाली. तक्रार न करणाऱ्यांच्या, असं मी म्हटलं, तर म्हणे उगाच शहाणपणा करू नकोस.

मागच्या वर्षी आमच्याकडे डायलिसिस केंद्रांच्या बुकिंगचं पान होतं. किडन्या निकामी झालेल्यांना आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. ते चुकवून चालत नाही, जिवाशी गाठ असते. दर वेळची जागा या पानावरून पक्की करायची. आजाऱ्यांचं पान, म्हणून रिपोर्टमध्ये कुणाचं नाव, नंबर काही येणार नाही असं आधीच ठरलं होतं आणि ते योग्यच होतं. यायचं ते एवढंच: फोन कुठला, केंद्र कुठलं, कोड कुठे अडला, कुठलं बटण दाबलं. शिवाय फोन ओळखायला एक निनावी खूण.

सर्जापूर रोडच्या केंद्रासाठी एका जुन्या फोनवरून एकच एरर येऊ लागला. 'जागा पक्की करा' हे बटण त्या फोनवर चालतच नव्हतं. रिपोर्टमध्ये तेच बटण ओळीने पुन्हा पुन्हा दाबलेलं दिसायचं. एखाद-दोन दिवस गेले की परत तेच. मला ते वाचवत नसे. कुणीतरी तिकडे बसून एकाच जागी बोट दाबत होतं आणि मला त्याला साधी हाक मारायची सोय नव्हती.

आमचा टीम लीड नागपूरचा. माणूस वाईट नाही, पण आकड्यांवर फार विश्वास.

"एकच यूजर आहे, फोन पण जुना. म्यूट करून टाक ना, यादीत दिसायलाच नको."

"एक यूजर म्हणजे एक माणूस असतो," माझा आवाज चढला. "आणि त्याला डायलिसिस हवंय."

"अगं, तो सेंटरला फोन करेल ना. हे नवीन व्हर्जन रिलीज होऊ दे, मग घे तू ते."

मी म्यूट केलं नाही. ऑफिसच्या कपाटातून तसाच एक जुना फोन शोधून काढला, हातातलं काम सांभाळून चूक हुडकली, दुरुस्ती लिहिली. ती लोकांपर्यंत पाठवायला लीडची परवानगी लागते. तिथे ती रांगेत पडून राहिली.

शुक्रवारी दुपारी बोर्डावर, म्हणजे एररची यादी दिसते त्या मोठ्या स्क्रीनवर, एकही न सुटलेला एरर नसला तर लीडने मैसूरपाक आणायचा, ही आमच्या टीमची रीत. त्या शुक्रवारी डबा आला. तुकडा तोंडात टाकून मी बोर्डाकडे पाहिलं. माझाही एरर बंद, पुढे हिरवी खूण. दुरुस्ती तर अजून गेलीच नव्हती. मग बंद कुणी केला? कुणीच नाही. काही दिवस जो एरर येत नाही तो सुटला असं समजून यंत्रणा तो आपोआप मिटवते. सोय म्हणून आम्हीच तसं ठरवून ठेवलं होतं. म्हणजे त्या फोनवरून बटण दाबणंच थांबलं होतं.

जिन्यात जाऊन मी केंद्राला फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाईंनी कन्नडमध्ये सुरुवात केली, पण माझं मोडकंतोडकं ऐकून म्हणाल्या, "मराठी काय वो तुम्ही? मी निपाणीकडचीच. बोला की."

बटण चालत नाही असं कुणी सांगत होतं का, मी विचारलं.

"होय की. एक अक्का यायच्या, नवऱ्याचं बुकिंग करायला. फोनमधी बटन दबत न्हाई म्हणून बस धरून यायच्या बिचाऱ्या. मागं आल्या तवा सगळ्या जागा भरलेल्या."

"मग?"

"मग काय वो. त्रास वाढला, दुसरीकडं ॲडमिट केलं. तिथनं गावाकडं नेलं म्हणून कळलं."

"गावाला डायलिसिस होतं?"

"न्हाई वो. घरच्यांनी आशाच सोडली म्हणायची. तुमचं ते बटन झालं काय सरी, दबतंय न्हवं?"

"आज होईल."

"बरं झालं. दुसऱ्यांना तरी उपयोग."

मला रडू आलं आणि रागही आला. तो कुणावर काढायचा ते कळेना.

वर येऊन लीडला सगळं सांगितलं. त्याने डब्याचं झाकण लावलं, बंद झालेला एरर स्वतःच्या हाताने पुन्हा उघडला आणि दुरुस्तीला तिथल्या तिथे परवानगी दिली. आपोआप मिटवायची सोयही त्याच दिवशी काढून टाकली.

दुरुस्ती गेल्यावर त्या बटणाचा एरर परत येणं शक्य नव्हतं, हे मला कुणी सांगायला नको. तरी कितीतरी दिवस ऑफिसात आल्या आल्या मी बोर्डावर तोच फोन शोधायचे. त्यावरून दुसरा कुठला तरी एरर येऊ दे, कसलाही येऊ दे. एरर यावा म्हणून मी आयुष्यात तेवढी एकदाच वाट पाहिली.