उंदरांचा वास आणि माझी लेक

चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी लेकीचा पांढरा फ्रॉक वसईतल्या एका बाईंकडे शिवायला टाकला होता. मापासाठी लेकीनं हात वर केला आणि मला मोठ्या माणसाच्या घामाचा वास आला. काखेत दोन-तीन काळे केसही दिसले. ती सात वर्षांची होती.

मी तेव्हा मुंबईत एका प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करायचे. दाटीनं ठेवलेल्या माद्यांच्या मूत्राचा वास मिळाला की लहान माद्या उशिरा वयात यायच्या. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी काढलेल्या माद्यांच्या मूत्रात मात्र तो गुण उरत नसे. नरांच्या मूत्राचं उलट, त्यानं माद्या लवकर वयात यायच्या. नरांचे पिंजरे मीच धुवायचे. तो वास माझ्या कपड्यांवरून घरी तर आला नसेल?

नवरा म्हणाला, उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस. पण मी वसईच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या घरी शिरले की आधी आंघोळ करायचे, कपडे वेगळे भिजवायचे. तरीही लेक धावत आली की मागे सरायचे. शेवटी प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, उंदरांचे हे संकेत उंदरांपुरते, माणसांत असं काही सिद्ध झालेलं नाही. पण मुलीला डॉक्टरांना दाखव.

रक्त तपासलं, हाडांचं वय बघायला हाताचा एक्स-रे काढला. मग रिपोर्ट आले.

"हिच्या ॲड्रिनल ग्रंथी जरा लवकर जाग्या झाल्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वास, केस त्यामुळेच. पाळी इतक्यात येईल असं दिसत नाही. सहा महिन्यांनी परत दाखवा."

मी चाचरत उंदरांचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. त्याचा काही संबंध नाही, एवढंच म्हणाल्या.

परतताना रिक्षात बाहेर बघतच लेकीनं विचारलं, "मम्मी, माझ्या अंगाला वास येतो म्हणून तू मला जवळ घेत नव्हतीस ना?"

मी तिला ओढून मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत उंदरांचं, पिंजऱ्यांचं, माझ्या भीतीचं सगळं सांगत राहिले. तिनं ऐकून घेतलं, मान डोलावली. पण पुढं कितीतरी दिवस माझ्याजवळ यायच्या आधी ती गुपचूप स्वतःची काख हुंगून बघायची.