काकांचा वेगळा गणपती

राजभाषेच्या वादात गोवा पेटला होता, त्या वर्षीची चवथ. डिचोलीच्या आमच्या घरात आरती संपली आणि बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, म्हणाले, "राजभाषा कोंकणीच हवी."

बाबा भडकले. "मग आत्ता गळा फाडून मराठीत काय म्हणत होतास?"

काकांनी हातातली झांज बाबांच्या कपाळावर हाणली. रक्त मखरावर उडालं. बाबांनी पेटती समई उचलली. आईने ती हिसकावली नसती तर मुडदाच पडला असता.

पुढे कायदा झाला: राजभाषा कोंकणी, पण सरकारी कामाला मराठीही चालेल. पुढाऱ्यांनी मेल्यांनी एकमेकांना पेढे भरवले. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या एका गणपतीचे दोन झाले. काका आपला वेगळा बसवतात. भिंतीपलीकडून त्यांची आरती ऐकू येते. मराठीतच.