हरिबाचे दोन भंडारे

शहरातल्या सात रस्ता चौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याच इमारतीचा वॉचमन म्हणजे हरिबा. वय साठीच्या पुढे, डोक्याला लाल पटका, हातात मेंढरं वळायची काठी. त्या काठीने तो पार्किंगमधल्या गाड्याही वळतो. स्वभाव इतका भिडस्त, की सात वर्षांत त्याने कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. मराठीत विचारा, 'व्हय' म्हणतो. कानडीत विचारा, 'हौद्री' म्हणतो. मला या गुणाचा मनस्वी राग येतो, कारण असंच म्हणत तो प्रत्येक फेरीवाल्याला थेट माझ्या दारात आणून सोडतो.

त्याचं गाव मैंदर्गीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. गेल्या उन्हाळ्यात तिथे टँकर येईना, रस्त्याचं कोणी नाव काढेना, तेव्हा गाव चिडलं आणि चिडता चिडता दुभंगलं. निम्मे म्हणाले, कर्नाटकात जाऊ. निम्मे म्हणाले, मेलो तरी महाराष्ट्रातच. जाणाऱ्यांचा पुढारी सिद्धराम, म्हणजे हरिबाच्या बायकोचा भाऊ. राहणाऱ्यांचा पुढारी महिपती, हरिबाचा थोरला भाऊ. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, आणि इकडे हरिबाच्या लेकीचं, रुपालीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं.

लग्नात मामा नवरीच्या पाठीशी उभा राहायलाच हवा. मांडव पडायचा होता महिपतीच्या अंगणात, कारण हरिबाच्या दारापुढे दोन शेळ्या बसतील एवढीच जागा. दोघांपैकी एक जरी रुसला, तरी लग्नाचा विचका ठरलेला.

दोन्ही गटांची निवेदनं माझ्याच दुकानात टाइप झाली. हरिबाच घेऊन आला, एक सकाळी, एक दुपारी. मजकूर शब्दन् शब्द तोच: पाणी नाही, रस्ता नाही, एसटी येत नाही. फक्त एकाच्या शेवटी 'म्हणून आम्हाला जाऊ द्या' आणि दुसऱ्याच्या शेवटी 'म्हणून आम्हाला सोडू नका'. मी एकच फाइल दोनदा वापरली.

मग ग्रामसभेत हात वर करून काय ते ठरवायचं असं ठरलं. आदल्या दिवशी हरिबा तोंड पाडून दुकानात आला.

"रेश्माताई, लई घोटाळा झालाय. दादानं बिरोबाच्या देवळात माज्या हातात भंडारा दिला. म्हनला, हितंच ऱ्हायचं म्हनून हात वर करीन, असं देवाम्होरं बोल. मी बोललो."

"मग चांगलं केलं की."

"चार दिसांनी पावन्यानं, सिद्धरामनं बी दिला. जायचं म्हनून तितं बी बोललो."

भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात घेऊन दिलेला शब्द ही माणसं मोडत नाहीत. मला हसू आवरेना. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोरीच्या मागं कोन उबं ऱ्हानार वो?" म्हणाला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि त्याला स्कूटीवर मागे बसवून गावी नेलं. त्याने काठी आडवी धरल्यामुळे अक्कलकोटपर्यंत आमच्या जवळून कोणी गेलं नाही.

ग्रामसेवकाने हजेरी मोजली, एकशे दहा. कर्नाटकात कोणाला जायचंय, म्हणून विचारलं. हरिबाने डोळे घट्ट मिटून हात वर केला. एकूण एकाहत्तर हात. राहायचं कोणाला? हरिबाचा हात पुन्हा वर. अठ्ठ्याऐंशी.

ग्रामसेवकाने बेरीज केली, खोडून पुन्हा केली. मग म्हणाला, "माणसं एकशे दहा आणि हात एकशे एकोणसाठ कसे?"

सगळी सभा जमिनीकडे बघू लागली. हद्दीवरचं गाव ते. कोणाची सून तिकडची, कोणाची लेक तिकडे दिलेली. दोनदा शब्द देणारा हरिबा एकटा नव्हता. देवळातला भंडारा गेला महिनाभर का पुरत नव्हता ते आज कळलं, असं पुजारी मागून म्हणाला.

महिपती आणि सिद्धराम दोघेही तावातावाने हरिबावर धावून आले.

"तू आमचा हायस का त्यांचा?" महिपतीने विचारलं.

"व्हय," हरिबा म्हणाला.

सिद्धरामने तेच कानडीत विचारलं. "हौद्री."

आता हा मार खाणार म्हणून मी पुढे सरकले, तेवढ्यात बायकांतून रुपाली उठली.

"मामा, गाव कुटं बी जाऊ द्या. तुमी माज्या मागं उबं ऱ्हानार का न्हाय? आन् थोरलं आबा, मामा तुमच्या अंगनात आल्यालं चालंल का न्हाय? हात वर करून सांगा."

सिद्धरामने आधी महिपतीकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि हळूच हात वर केला. महिपतीने नाक शिंकरायचा बहाणा केला. मग त्याचाही हात वर गेला.

ग्रामसेवक सवयीने हात मोजायला पेन घेऊन उठला. हरिबाची बायको गोजाबाई त्याला म्हणाली, "बसा भाऊ. दोनच पायजे हुतं."