मोठ्यानं बोलून शिकणारी

जतजवळच्या आमच्या गावच्या शाळेत आठवीच्या अख्ख्या वर्गाला एकच टॅब होता. बाई तो खुर्चीवर उभा करायच्या आणि आम्ही सगळे सतरंजीवर त्याच्यापुढं दाटीवाटीनं बसायचो. धडा मध्येच थांबवून बाई विचारायच्या, "कळलं का?" मग माझी मैत्रीण उठायची. मेंढपाळाची मुलगी, घरी कानडी बोलणारी. टॅबमधलं शहरी मराठी ती हातवारे करत, निम्मं कानडीत, निम्मं आमच्या बोलीत पुन्हा सांगायची. सांगता सांगताच तिला स्वतःला कळायचं. मला चित्र दिसलं की पुरे असायचं.

दहावीनंतर आम्ही दोघींनी इस्लामपूरला वसतिगृहात राहून अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. तिथं शिकवणं बरंचसं व्हिडिओवर. संगणकाच्या खोलीत प्रत्येकीला वेगळा पडदा, दर दोघींच्या मध्ये फळी, कानाला हेडफोन, सगळं चिडीचूप. मला ती खोली मानवली. तिचे मात्र ओठ हलायचे, हळूहळू आवाज फुटायचा आणि शेजारच्या मुली वैतागायच्या.

तिनं तिथल्या सरांना सांगून पाहिलं. "सर, मोठ्यानं बोलल्याबिगर माज्या डोक्यात शिरतच न्हाई."

सर वाईट नव्हते. म्हणाले, "अगं, तू बोलायला लागलीस तर बाकीच्यांनी ऐकायचं कसं?"

संध्याकाळी गच्चीवर ती मला धडा सांगायला बघायची. पण व्हिडिओ खाली संगणकाच्या कुलूपबंद खोलीत, आणि नुसतं आठवून बोलताना ती अडखळायची. सहामाहीत भौतिकशास्त्रात नापास झाली. त्यानंतर तिनं बोलणंच सोडलं, जेवतानासुद्धा. दिवाळीला तिचे वडील तिला न्यायला आले. "लय वाळलीस गं," एवढंच म्हणाले. सुट्टी संपली तरी ती परतली नाही.

मी आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा उन्हाळ्यात तिच्या सासरच्या मेंढ्या कुंडलच्या शिवारात मुक्कामाला उतरल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. तिनं तिचं बाळ माझ्या मांडीवर दिलं, चुलीवर चहा ठेवला.

"काय शिकतीस आता?"

मी उत्साहानं सांगायला लागले. मोटार कशी फिरते, वीज कशी तयार होते. तीही सरसावून बसली. मग एकदम तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं. ऐकलं की मला बोलू वाटतंय, आन् हितं ऐकणार कोण?"

ती उठून मेंढ्यांमागं गेली. मी वाट पाहत राहिले. बाळ रडायला लागलं तेव्हा तिच्या सासूनं येऊन ते माझ्याकडनं घेतलं, आणि चहा मीच उतरवला.