सासूबाईंची कवळी

ती नवी नवरी म्हणून दारात उभी होती, तेव्हा सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, "सुनेच्या आधी तिचे दातच घरात आले!" सगळे खो खो हसले. तेव्हापासून ती तोंडावर हात ठेवूनच हसायची.

ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची आणि त्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे सासूबाईंच्या तोंडाचं बोळकं झालं आणि तिने डाव साधला. मेणात एकेक दात बसवताना पुढचे दोन मुद्दाम बाहेर काढले, हुबेहूब स्वतःच्या दातांसारखे.

कवळी लावून सासूबाईंनी आरशात पाहिलं. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. "अगं, हे काय करून ठेवलंस?"

ती हात न लावता तोंडभर हसली. "सवय होते हो, आई. मला नाही का झाली?"