वरच्या सभागृहाची मुदत

भारताची राज्यघटना शब्दशः पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. तुम्ही-आम्ही घटनेचा आदर करतो, म्हणजे शक्यतो तिच्या वाटेला जात नाही. हे गृहस्थ घटनेप्रमाणे उठायचे, घटनेप्रमाणे लोणचं घालायचे आणि माझं लग्नही त्यांनी घटनेप्रमाणेच लांबवलं. त्या वेळी मी पेणच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो. विधेयकाचा कायदा कसा होतो, हा धडा मी सलग सहा वर्षं शिकवला होता, परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणून मुलांना त्याखाली लाल रेघ मारायला लावली होती, आणि तो मला स्वतःला येत नव्हता. हे गुपित सहा वर्षांत एकाही विद्यार्थ्याला कळलं नाही. चुलत सासऱ्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

सासरे म्हणजे माझ्या बायकोचे, सुमनचे, थोरले काका. मुंबईला विधानभवनात शिपाई होते. शिक्षण सातवी. पांढराशुभ्र गणवेश, त्यावर आडवा पट्टा, आणि काम म्हणाल तर दाराशी उभं राहायचं आणि कागद न्यायचे. विधानसभेत मंजूर झालेलं विधेयक विधानपरिषदेकडे जातं हे आपण पुस्तकात वाचतो. ते आपल्या पायांनी जात नाही, कोणीतरी न्यावं लागतं, हे काकांना भेटेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. "मंत्र्यांना कायदा ठाऊक असतो, शिपायाला पाठ असतो," असं ते म्हणायचे. धाकटा भाऊ आणि भावजय एकामागोमाग गेली तेव्हा सुमन पाळण्यात होती. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काकूंनी तिला रोह्याच्या घरी वाढवलं आणि काका मुंबईला दाराशी उभे राहिले. अधिवेशन संपलं की चार-आठ दिवस यायचे, नागपूरचं अधिवेशन असलं की संत्र्यांची करंडी आणायचे, आणि पोर ओळख धरून जरा जवळ यायला लागली की त्यांची परतीची एस.टी. सुटायची. निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा ती वीस वर्षांची झाली होती.

आल्या आठवड्यातच त्यांनी घराची दोन सभागृहं केली. पुढची ओटी हे खालचं सभागृह, मागचं स्वयंपाकघर हे वरचं. ओटीवर एका लाकडी खुर्चीत ते स्वतः अध्यक्ष, आणि सदस्य एकच, सुमन. अध्यक्षाने मत द्यायचं ते दोन्हीकडची मतं सारखी पडली तरच, त्यामुळे ओटीवरचा प्रत्येक निर्णय एकमताने व्हायचा. स्वयंपाकघरात काकू एकट्या. सभापती त्याच, सदस्य त्याच आणि सगळ्यांना चहा देणाऱ्याही त्याच. राज्यपाल कोलाडला राहायच्या. त्या म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण, सुमनची आत्या. कुठलंही विधेयक समोर धरलं की, "आन हिकडं, अंगठा कुठं उठवू?" एवढंच त्या विचारायच्या.

कैरीच्या लोणच्याचं विधेयक त्या घरात अजून आठवतात. पहिल्या वाचनाला काकांनी फक्त नाव वाचलं, कारण पहिल्या वाचनाला चर्चा नसते. दुसऱ्या वाचनाला एकेक कलम घेतलं. कलम एक कैऱ्या, कलम दोन मीठ, कलम तीन मसाला. तिथे सुमनने गुळाची दुरुस्ती सुचवली आणि ती मतदानाने मंजूर झाली. तिसऱ्या वाचनाला सगळं मिळून हो की नाही. मग काका उठले, टोपी सारखी केली, कागद दोन्ही हातांवर धरून माजघरातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले आणि आत पाऊल न टाकता खाकरले. काकूंना वाचता येत नसे, म्हणून उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. विळीवरून मान वर न करता काकू म्हणाल्या, "ठेवा तांदळाच्या डब्यावर." दोन दिवसांनी त्यांनी गुळाला हरकत घेतली. विधेयक परत आलं, ओटीने ते गुळासकट पुन्हा मंजूर केलं, पुन्हा डब्यावर गेलं, कोलाडचा अंगठा मिळायला आणखी एक रविवार गेला, आणि लोणच्याचा कायदा अमलात आला तेव्हा कैऱ्या पिकून गेल्या होत्या. काकांनी तातडीचं दुरुस्ती विधेयक आणलं आणि त्या वर्षी घरात लोणच्याऐवजी आमरस झाला.

शेजारपाजारचेही यातून सुटत नसत. एकदा शेजारी शिडी मागायला आला. काकांनी खुर्चीत सावरून बसत त्याला विचारलं, "यात औचित्याचा मुद्दा कोणता?" शेजारी म्हणाला, "औचित्य कसला वो, कौल सरकलाय." काकांनी त्याला सूचना लेखी द्यायला सांगितली. त्या भल्या माणसाने दुसऱ्याची शिडी आणून कौल बसवला, आणि मग काकांचं मन मोडू नये म्हणून संध्याकाळी सूचनाही लिहून आणून दिली.

अशा घरात मी मुलगी बघायला गेलो. दिवाळी नुकतीच सरली होती. रोह्यापर्यंत रेल्वे अजून यायची होती, म्हणून मी आणि माझे वडील एस.टी.ने नागोठण्यावरून गेलो. वडील पेणजवळच्या जिते गावचे, भातशेतीतले, कमी बोलणारे. त्यांनी मला वाटेत एकच सूचना केली होती, "तू जास्ती बोलू नको." ओटीवर बसल्यावर काकांनी विचारलं, "गुरुजी, विषय कोणता शिकवता?" मी छाती काढून सांगितलं, नागरिकशास्त्र. काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जमलं. ते पुढे सरकून म्हणाले, "मग सांगा. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक विधानपरिषदेने अडवलं, तर पुढे काय होतं?" मी क्षणाचाही विलंब न लावता, वर्गात सांगायचो त्याच सुरात सांगितलं, "दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक."

काका पुन्हा खुर्चीत मागे टेकले. "ती दिल्लीला, गुरुजी," काका अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले. "संसदेत. आपल्या राज्यात संयुक्त बैठक नाही." दाराआड कोणीतरी हसलं. मग सुमन पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर बशी ठेवत म्हणाली, "खावा मास्तर. उत्तर चुकलं म्हणून पोहे कमी नाय दिलेत." लग्न करीन तर हिच्याशीच, हे मी त्या बशीकडे बघत ठरवलं, वर बघायची हिंमत नव्हती.

माझ्या वडिलांना मात्र उत्सुकता लागली. "मंग आपल्याकडं काय व्हतं?" त्यांनी विचारलं. काकांनी समजावलं, "वरचं सभागृह तीन महिने अडवू शकतं. मग खालच्याने तेच विधेयक पुन्हा मंजूर करायचं. मग वरच्याला आणखी एक महिना. तरीही ते नाही म्हणाले, किंवा नुसते गप्प बसले, तरी दोघांनी मंजूर केलं असंच मानतात." वडिलांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे वरच्यांच्या हातात नुसता उशीर." "नुसता उशीर," काका म्हणाले.

दोन दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. 'सुमन विवाह विधेयक आपल्या उपस्थितीच्या दिवशीच सायंकाळी खालच्या सभागृहात एकमताने मंजूर. वरिष्ठ सभागृहाकडे पाठवले आहे.' मी ते शिक्षकांच्या खोलीत तीनदा वाचून दाखवलं आणि सर्वांना पेढे दिले. त्यानंतर काहीच आलं नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'वरिष्ठ सभागृहात विचाराधीन.' म्हणजे काकू अडवत होत्या. कारण उघड होतं. नागरिकशास्त्राचा मास्तर आणि नागरिकशास्त्रातच नापास. त्यात माझ्या अंगावर मांस असं नव्हतंच.

मी काकूंचं मन वळवायची मोहीम काढली. दर रविवारी सकाळची एस.टी. धरून मी रोह्याला जायचो, पेणचे पापड घेऊन. इतके पापड नेले की पेणचा दुकानदार मला घाऊक भाव लावायला लागला. ओटीवर काका मला कोपऱ्यातल्या बाकावर बसवायचे आणि बजावायचे, "ही प्रेक्षक गॅलरी. गॅलरीतल्यांनी बोलायचं नसतं." दिवसभर मी न बोलता बसायचो. समोर सुमन तांदूळ निवडायची, मधूनच माझ्याकडे बघून ओठ दाबायची, आणि मला वाटायचं, हे हसू माझ्या बाजूने आहे की माझ्यावर? काकू पानात घावन वाढायच्या, दोन म्हटलं की चार. राजकारणात शत्रू गोड बोलतो असं मी मुलांना शिकवलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक घावनाबरोबर माझा संशय वाढायचा. चार महिन्यांत माझं वजन वाढलं, अक्कल नाही.

तिकडे वडिलांचा धीर सुटत चालला होता. मावशीने वाशीकडची एक मुलगी सांगून ठेवली होती. "तुझा सासरा हाय का कोरट?" वडील म्हणाले. "मी शिमग्यापर्यंत बघतो. त्या दिवसापर्यंत व्हय आलं तर व्हय. नायतर मावशीला शब्द देऊन टाकतो." वडील शब्द देऊन टाकतो म्हणाले की देऊन टाकत. मी कॅलेंडर काढून बोटांनी मोजलं. तीन महिने आणि एक महिना मिळून शिमग्याच्या अगदी तोंडावर येत होते. मध्ये तीन महिने भरले त्या दिवशी दुसरं पोस्टकार्ड आलं, 'खालच्या सभागृहात पुन्हा एकमताने मंजूर.' बायकोने लग्नाआधी दोनदा मंजूर केलेला नवरा सबंध कुलाबा जिल्ह्यात मी एकटाच असेन. पण जीव खाली पडत नव्हता. रात्री स्वप्नात मला तांदळाचा डबा दिसायचा.

मुदत संपली त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली, ग्रंथालयातून राज्यघटनेचं पुस्तक काढलं, नेमक्या पानावर खूण घातली आणि भांडायच्या तयारीने रोह्याला पोचलो. भांडायची गरज पडली नाही. काका स्वच्छ पांढरे कपडे घालून ओटीवर उभे होते. कोलाडहून आत्यांना आधीच आणून बसवलं होतं. काकांनी जाहीर केलं, "विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असे मानण्यात येत आहे," आणि आत्यांचा अंगठा घेतला. "झालं का माजं?" आत्यांनी विचारलं आणि पदराला शाई पुसली.

मी विजयी वीरासारखा स्वयंपाकघरात गेलो. पाया पडलो आणि न राहवून म्हणालो, "काकू, शेवटी तुम्हांला अडवता नाही आलं हां."

काकू चुलीपुढून वळल्या. "मी कशाला अडवीन रे तुला? सोन्यासारखा पोरगा. तुजा कागद त्यांनी मला वाचूनच दाखवला नाय. पयल्या दिवशी डब्यावर ठेवला आन बोलले, ह्याला हात लावू नको. घाई नाय."

मी बाहेर आलो. आत्या पाणी प्यायला आत गेल्या होत्या. काका खुर्चीत नव्हते, ओटीच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. प्रश्न बहुधा माझ्या तोंडावरच लिहिलेला होता. काका समोर बघत बोलले, आणि सभागृहाची भाषा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच बाजूला ठेवली. "तुमी आमाला पयल्या दिवशीच पसंत व्हता, गुरुजी. पन मी जनम सारा दुसऱ्यांच्या दाराशी उभा ऱ्हायलो. घरी आलो तवा पोर वीस वर्सांची झालेली, आन सा महिन्यांत तुमी आलात. नाय बोलायचा मला अधिकार नाय, तिला तुमी आवडलात. तीन महिने आन वर एक महिना, येवढंच नियमात बसत व्हतं. त्याच्यावर एक दिस घेतला नाय मी."

मी खूण घातलेलं पुस्तक पिशवीत खाली ढकललं. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

लग्न वैशाखात झालं, वडिलांचा शब्द मावशीकडे जायचा वाचला. कागद कुठे पडून आहे हे सुमनला पहिल्यापासून ठाऊक होतं. तांदूळ काढायला तो डबा रोज तीच उघडायची, कागद बाजूला ठेवायची आणि झाकण लावून पुन्हा वर ठेवायची. त्या चार महिन्यांत काका तिला रोज संध्याकाळी कुंडलिकेच्या काठाने फिरायला न्यायचे आणि विचारत राहायचे. पहिला दात कधी पडला, पोहायला कोणी शिकवलं, तापात कोणाचं नाव घ्यायचीस. तीही सगळं सांगायची, काही आठवत नसलं तर रचून सांगायची. रविवारी मात्र फिरणं नसायचं, घरी पाहुणा असायचा. काका आमच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेले. लहानपणचे काका सुमनला फारसे आठवतच नाहीत. तिच्याजवळ त्यांचं म्हणून जे काही आहे, ते त्या चार महिन्यांतलं आहे. आणि त्यातला एकेक रविवार मी पापड घेऊन जाऊन मोडत होतो.